परीक्षक समितीचा बाप्तिस्मा

इलोइलो, मार्चअखेर

कुंपारे उर्बानो,

देवकृपेने इकडे सगळी धडधाकट आहेत. तुझा गुडघा बोटीची शिडी चढताना अजून कुरकुरतो का, ते कळव. (तुझ्या आईने पाठवलेल्या पियाया, त्या गुळाच्या पोळ्या, संपल्या. घाई नाही, सहज सांगितलं.)

प्रबंधाचं विचारशीलच, म्हणून आधीच सांगतो, सगळं माझ्या मुठीत आहे. विषय तोच, सुक्या मासळीचा खारटपणा. अडचण मासळीची नव्हतीच, समितीची होती. मार्गदर्शक जालांदोनी मॅडमची जबाबदारी मला पार लावायची, म्हणून त्या म्हणायच्या, चौथं प्रकरण उरकून टाक. पार्रेन्योसरांचं इमान आकड्यांशी, ते म्हणायचे, मासे पुन्हा वाळव. अध्यक्ष गोरिसेता मॅडम विद्यापीठाचे नियम राखणार, त्या काहीच म्हणायच्या नाहीत, नुसत्या चष्म्यावरून बघायच्या. तिघं तीन दिशांना ओढणार आणि मधे फाटणार मी. जूनपर्यंत पदवी हातात नसली तर शाळेतली नोकरी गेली, हे तुला ठाऊक आहेच.

पण आपलं डोकं तुला माहीत आहे. म्हटलं, ही माणसं कर्तव्याने बांधलेली, तर आपण त्याहून घट्ट गाठ मारू. धाकटीचा बाप्तिस्मा व्हायचाच होता. तिघांनाही धर्मआईबाप व्हायला बोलावलं. (असं बोलावणं नाकारलं तर बाळाला अपशकुन होतो, त्यामुळे नाही म्हणायची कोणाची टाप नव्हती.) तिघांनी चर्चमध्ये मेणबत्त्या धरल्या आणि बाळाचे आईबाप नि धर्मआईबाप रीतसर एकमेकांचे कुंपारे-कुमारे झाले. घरी आल्यावर भाजलेल्या डुकराची कुरकुरीत कातडी मी स्वतः गोरिसेता मॅडमच्या ताटात वाढली. त्यांनी ती चवीने खाल्ली, बाळाची पापी घेतली, हात पुसले आणि म्हणाल्या, "डेल्फिन, आता आम्ही घरचे झालो. घरच्यांनी परीक्षा घ्यायची नसते. आम्ही तिघंही समितीतून बाहेर."

"सुटलो बाबा," म्हणत पार्रेन्योसरांनी आणखी भात घेतला.

जालांदोनी मॅडमनी तर मार्गदर्शक असताना जे कधी सांगितलं नाही, ते कुमारे झाल्याबरोबर सांगून टाकलं: चौथं प्रकरण भिकार आहे. पण तेव्हापासून तिघं रोज संध्याकाळी आमच्या पडवीत येतात, बाळाला खेळवतात आणि माझी सालटी काढतात. मासे पुन्हा वाळत घातलेत. प्रबंध झकास होतोय. काळजीचं काही कारण नाही.

तुझा,
डेल्फिन

ता.क. नव्या समितीत दोघं मिळालेत. तिसरा परीक्षक बाहेरच्या विद्यापीठाचा लागतो. तू बाकोलोदच्या विद्यापीठात शिकवतोस, मासळी खातोस, आणखी काय हवं? तेवढं हो म्हण. पत्र खरं त्यासाठीच आहे.

ता.ता.क. बायकोने, मेर्लिंडाने, पत्र वाचलं आणि मायन्यातल्या पहिल्याच शब्दावर, ‘कुंपारे’वर, बोट ठेवलं. आमच्या थोरल्याचा धर्मबाप तूच की. म्हणजे तूही बाद. तरी ये. पडवीत तिघं कुंपारे-कुमारे रोज माझी परीक्षा घेतात, एक तरी माझ्या बाजूला बसू दे.