एप्रिलातल्या मधपेट्या

धरण वसाहत, ३ एप्रिल १९६४

ती. ब्लाझकाकांस, दारिंकाचा सा. न.

फोन केला असता, पण तुमच्या पोस्टातल्या बाई सगळं ऐकतात. म्हणून हे पत्र बसवाल्याच्या हाती.

धरणाच्या पायथ्याशी पाझर नेहमीच असतो, पण स्वच्छ. कालपासून तो गढूळ येतो आहे. म्हणजे पाणी आतली माती घेऊन निघालं आहे. साहेबांना लेखी कळवलं. वरून आदेश येईपर्यंत बाहेर बोलायचं नाही, असं ते म्हणाले. तुम्हाला सांगितल्याचं कळलं तर माझी नोकरी जाईल. तरी सांगते, आजच शाळेच्या टेकडीवर जा.

पत्र चुलीत टाका. लोभ असू द्या, पण टेकडीवरून.

दारिंका


ब्रेझोविक, ३ एप्रिल

चि. दारिंकास, अनेक आशीर्वाद.

इंजिनीअर झालीस, पण खुशाली विचारायची विसरलीस. गुडघे सोडले तर मी बरा आहे. गार पावसाने मधमाशा पेट्यांतून बाहेर पडत नाहीत.

एकटा कसा निघू? ब्रेझोविक हे गावाचं नाव आडनाव म्हणून लावणारं घर इथे आपलं एकच. ते नाव गाव सोडून गेलेल्यांना मिळतं. तुझे आजोबा पलीकडच्या खोऱ्यात राहून ते घेऊन परतले, म्हणून गाश्पेर खाटीक मला अजून 'पाहुणा' म्हणतो. पाहुण्याचं कोण ऐकणार? आणि ओरडलो तर बोट तुझ्याकडेच वळेल.

बघतो. माया पातळ करू नकोस.

ब्लाझकाका


धरण वसाहत, ४ एप्रिल

ती. काकांस, सा. न.

पाझर वाढला आहे. आदेश नाही. दुर्बिणीतून तुमचं धुराडं दिसतं आणि त्यातून अजून धूर निघतो आहे.

मला तुमच्याशिवाय कुणी नाही. हे वाक्य पुन्हा लिहिणार नाही.

दारिंका


टेकडीवरची शाळा, ६ एप्रिल

चि. दारिंकास, आशीर्वाद.

तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा मी पेट्यांची दारं बंद करून त्या गाडीवर चढवत होतो. त्या आपण फुलोऱ्यासाठी ऑगस्टात हलवतो. एप्रिलात कोण हलवतं? गाश्पेर कुंपणाशी येऊन म्हणाला, "पाहुण्या, वेड लागलं का रे?" मी पुढची पेटी उचलली. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग घरी जाऊन त्याने गायी सोडल्या. त्याच्यामागून सगळी आळी निघाली, मग सगळं गाव.

त्याच रात्री धरण फुटलं आणि पाणी चर्चच्या खिडक्यांपर्यंत चढलं. खाली कुणी नव्हतं.

इथले लोक आम्हा सगळ्यांनाच ब्रेझोविक म्हणतात. काल कुणीतरी गाश्पेरला हाक मारली, "ओ ब्रेझोविक, सूप घ्या." त्याने ओ दिली आणि बाकावर सरकून मला जागा केली.

जेवत जा.

ब्लाझकाका


धरण वसाहत, ९ एप्रिल

ती. काकांस, सा. न.

चौकशी झाली. गावाला कुणी सांगितलं, याचं उत्तर गाश्पेरने दिलं: माशांनी. नोकरी तूर्त आहे.

मग मला विचारलं, गावात माझ्या आडनावाचं कोण आहे. मी सांगितलं, आता सगळेच.

रविवारी येते. बाकावर जागा ठेवा.

दारिंका