आवाज येत नाही

३ जुलै

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

हाताने लिहिलेलं पत्र पाहून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे, आजारी पडलाय तो संगणक. परवा वीज गेली, मध्येच आली, पुन्हा गेली. रिकामं बसवेना म्हणून मी तेवढ्यात खोकं टेबलाखालून ओढून झाडूनपुसून घेतलं. वीज आल्यापासून पडदा काळाच. बटण दाबून दाबून बोट दुखलं.

तू दिवसभर हीच यंत्रं दुरुस्त करतेस, तेव्हा घरच्या गिऱ्हाइकालाही सल्ला दे. फोन मात्र करू नकोस, असल्या गोष्टी वाचून जास्त कळतात. रोज तुझी मेल वाचायची सवय झाली आहे, सकाळ सुनी जाते. तब्येत सांभाळ.

तुझा,
बाबा

८ जुलै

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमचं वळणदार अक्षर ऑफिसात सगळ्यांना दाखवून मिरवलं. आता काम. पिन काढा, बटण थोडा वेळ दाबून धरा, मग दुसऱ्या प्लगला लावा. खोक्यावरचा दिवा लागतो का, मागून पंख्याची हवा येते का ते पाहा. मुख्य म्हणजे आवाज. यंत्र बीप करत असेल तर ते आपलं दुखणं स्वतःच सांगतंय. पंखा फिरतो पण आवाज अजिबात नाही, असं असेल तर आतला बोर्ड गेला समजायचं.

फोनचं मात्र मनाला लागलं. वर्षभर तुम्ही सगळं ठीक आहे म्हणता आणि ठेवून देता. मी विचारते एक, उत्तर येतं भलतंच. नोकरीसाठी इतक्या लांब आले याचा राग असेल, तर एकदा चांगलं रागवा आणि मोकळे व्हा.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ठमी

१३ जुलै

चि. ठमीस अ. आ.

सांगितलंस तसं सगळं केलं. दिवा लागतो, हवा येते. आवाज नाही. कान लावून बसलो, अगदी मुका आहे. बोर्ड गेला तर गेला, भंगारवाल्याला देऊन टाकतो. रागाचं म्हणशील तर तसं काही नाही. आमची फोनची लाइनच खराब आहे. उद्या तुझी आत्या राहायला येते आहे.

बाबा

१५ जुलै

लाडक्या ठमीला आत्याचे पोटभर आशीर्वाद.

दादा संगणक भंगारात द्यायला निघाला होता. म्हटलं, एकदा लावून तर दाखव. मी स्वयंपाकघरात होते, मध्ये दोन दारं, तरी तिथवर बोंब ऐकू आली. लांबच लांब बीप, थांबायचं नाव नाही. धावत आले, तर दादा खोक्याला कान लावून बसलेला, आणि मलाच सांगतोय की बघ, कसा गप्प आहे. मला आधी हसूच फुटलं. मग त्याच्या पाठीमागे उभी राहून हाक मारली. पुन्हा मारली. हसू कुठल्या कुठे गेलं गं.

जन्मभर छापखान्यात यंत्राशेजारी उभा राहिला, दुसरं काय होणार? खूप खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, ठमीला कळलं तर नोकरी सोडून धावत येईल, तिला सांगायचं नाही. मी नुसतं हं म्हटलं, आणि तेही त्याला ऐकू गेलं नसणार. तेव्हा वचनबिचन काही मोडलेलं नाही.

आत्या

२० जुलै

ती. बाबांना सा. न. वि. वि.

मी नोकरी सोडत नाही. हे आधी वाचा, मग पुढचं.

लांब बीप म्हणजे मेमरीची पट्टी सैल झाली. तुम्ही खोकं ओढलंत तेव्हा हलली असणार. पिन काढून झाकण उघडा, पट्टी बाहेर घ्या, तिची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसा आणि दोन्ही टोकं दाबून बसवा. खटका बोटांनाही कळतो.

बाबा, वर्षभर मी तुमच्या प्रत्येक तुटक शब्दाचा अर्थ लावत बसले. आत्याचं पत्र वाचून रडले आणि मग भयंकर चिडले. कानांच्या डॉक्टरकडे जा. आत्या सोबत येईल, नाही म्हणायची सोय नाही.

तुमचीच,
ठमी

१४ ऑगस्ट

चि. ठमीस अ. आ.

संगणक सुरू झाला. तरी हे हातानेच लिहितो आहे, घाईघाईत टाइप करायची ही गोष्ट नव्हे.

कानात यंत्र बसवलं. पहिल्या दिवशी रद्दी चाळायला घेतली, तर कागदाचा एवढा आवाज होतो हे विसरूनच गेलो होतो. तुझी आत्या सतत बोलते हेही विसरलो होतो. तू लांब गेलीस याचा राग मला कधीच नव्हता. तू विचारायचीस, मला अर्धं कळायचं, आणि चुकीचं बोललो तर तू ओळखशील म्हणून मी फोन ठेवायचो. माझ्या गप्प बसण्याने तुला काय वाटत असेल, हे डोक्यातच आलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणतात, फोनवरचं नीट कळायला अजून वेळ लागेल, समोरच्याचं ओठांकडे बघत ऐकावं. म्हणून एक मागतो. नोकरी सोडू नकोस, पण रजा काढून ये. समोर बस आणि वर्षभराचं सगळं पहिल्यापासून सांग.

तुझा,
बाबा