तानुबाई हजर होती

बुलढाणा,
जानेवारी १९६४

प्रिय कुमुद,

डॉक्टर शेषरावचा ट्रंककॉल तुला आला असेल, आणि माझ्या प्रकृतीविषयी त्याने जे सांगितलं ते ऐकून तू चक्रावली असशील. ते तूर्त बाजूला ठेव, त्याचा खुलासा शेवटी करते. आधी मला तुझ्यावर रागवायचं आहे. पूर्वी शाळेत बाकावर उभं करून रागवत असे, तसंच. तू आता नागपूरची मोठी डॉक्टरीण झाली असशील, पण तुझ्या वेण्यांच्या रिबिनी मी बांधून दिलेल्या आहेत, तेव्हा हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय खाली ठेवायचं नाही.

मागच्या रविवारी इथल्या आरोग्य प्रदर्शनाला तू पाहुणी म्हणून आलीस. पडद्यामागे बसून बायका तपासल्यास, जेवलीस, हार घेतलास आणि जीपमध्ये बसून गेलीस. पडद्याच्या अलीकडे काय झालं ते तुला ठाऊक नाही. ते मी सांगते, कारण मी तिथे होते, आणि माझ्याबरोबर माझी मैत्रीण रुखमाबाई होती.

रुखमाबाई म्हणजे देऊळघाटची माझी पहिली घरमालकीण. मी नोकरीला लागले तेव्हा कॉन्व्हेंटात शिकलेल्या, लग्न न केलेल्या बाईला त्या गावात कुणी खोली देईना. किरिस्तावात बाटली असेल, म्हणायचे. हिने नवऱ्याला न विचारता ओसरीची एक बाजू मला दिली आणि वर मलाच दटावलं, “भाडं राहू दे बाई, माह्या पोराले दोन अक्षरं शिकव.” ते पोर म्हणजे शेषराव. त्याच्या दवाखान्याबाहेरची पाटी बघते तेव्हा मला त्याचा पाटीवरचा पहिला वेडावाकडा ‘श’ दिसतो. सांगायचं एवढंच, की त्या घरावर रागावण्याचा मला हक्क आहे.

तर ह्या रुखमाचं अंग बाहेर येतं, पिशवी खाली उतरते. तुला ह्याहून जास्त सांगायला नको. शेषरावच्या पाठची मुलगी झाली ते दिवस सुगीचे होते, आणि बाळंतिणीची खाट सोडून ही लगेच खळ्यावर उभी राहिली. तेव्हापासूनचं दुखणं. जुन्या लुगड्याची घडी करून घट्ट बांधते आणि दिवस काढते. पंगतीत मांडी घालून बसवत नाही, म्हणून सदा उपास असल्याचं सांगते. गावाला वाटतं केवढी भाविक बाई! पाण्याची घागर उचलवत नाही, म्हणून सुनेवर हुकूम सोडते. सुनेला वाटतं केवढी खाष्ट सासू! मलासुद्धा हे कळलं ते मागच्या दिवाळीत. पायरीवर अवघडून बसलेली दिसली, तेव्हा मी खोदून खोदून विचारलं.

इतकी वर्षं डॉक्टरला का दाखवलं नाही, असं तू विचारशील. मीही विचारलं. तर उत्तर असं, की मुलगा डॉक्टर आहे म्हणून! कुमुद, संताप येतो मला. सगळ्या तालुक्यात जिला औषधपाणी दारात आहे, त्या एकाच बाईला दवाखान्याची पायरी चढायची चोरी. “पोटच्या पोराले हे सांगू? काय बोलून राह्यली बाई तू!” बरं, त्याला नको तर दुसऱ्या कुणाला दाखव. दुसरे तरी कोण? मलकापूरपासून मेहकरपर्यंतचे सगळे डॉक्टर शेषरावचे दोस्त. दरवर्षी हुरड्याला हिच्याच शेतात जमतात. “माह्या हातचा हुरडा खाल्ला त्याइनं. त्याइच्या पुढं निजू?” नागपूरला चल म्हटलं, तर घरात काय सांगायचं? कशाला चालली, कुणाबरोबर, आणि परत येऊन काय सांगणार? रुखमाच्या घरातली बाई काही कारण असल्याशिवाय मोटारीत बसत नाही.

अशात प्रदर्शनाचं हस्तपत्रक हाती आलं आणि त्यावर तुझं नाव दिसलं. परगावची डॉक्टरीण. तीही बाई. हुरडा न खाल्लेली! आणि जत्रा बघायला जायचं म्हटलं की घरात कुणी कारण विचारत नाही. मी देऊळघाटला जाऊन तिच्यामागे लकडाच लावला. शेवटी कबूल झाली, पण माझ्याकडून शपथ घेतली, की ती कुणाची आई हे मी तुलासुद्धा सांगायचं नाही. म्हणून मी तुला आधी लिहिलं नाही. पडद्यामागे गेल्यावर तुझ्या कानात एवढंच म्हणणार होते, की हे माझं माणूस आहे, नीट बघ. घरात तिने सांगितलं, “बाईसंगं थे मोठी माशी पाह्यले जातो.”

ती माशी तू पाहिलीस की नाही कोण जाणे. कागदाच्या लगद्याची, वासराएवढी, पंखांना तार लावलेली. शेजारी बाटलीत नारूचा लांब जंत. पलीकडे एक गृहस्थ भोंग्यातून हात धुण्याविषयी ओरडत होते, आणि धुवायला पाणी कुठे ते विचारलं तर माझ्याकडे बघून हसले. त्या माशीवर जेवढा लगदा आणि रंग खर्ची पडला, तेवढ्यात बायकांना बसायला एक सतरंजी आली असती. पण ज्या वस्तूने माझं डोकं फिरलं ती वेगळीच. मंडपाच्या मधोमध प्लास्टरची एक बाई उभी केली होती. आतली इंद्रियं दाखवायला. फुप्फुसं लाल, काळीज जांभळं, आतडी पिवळी, आणि बेंबीशी येऊन बाई संपली! खाली निळं कापड गुंडाळलं होतं, छान चुण्या घालून. मी तिथल्या कार्यकर्त्याला विचारलं, ही खाली का नाही? तो म्हणाला, “बाई, इथं सगळे लोक येतात.” म्हणजे सगळ्या लोकांना फुप्फुसं चालतात. रुखमा मात्र त्या प्लास्टरच्या बाईकडे बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, “हिचं बरं हाय बाई. हिले तं दुखायले जागाच नाही ठेवली.”

नाव नोंदवायला गेलो तर कळलं की तपासणीची नावं भोंग्यावर पुकारणार. हो, भोंग्यावर! ज्या दुखण्यासाठी बायका घरात तोंड उघडत नाहीत, त्यासाठी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं नाव पुकारायचं, ही कुणाची अक्कल? तू विचारलंस कुणाला? मी नाव दिलं, ‘तानुबाई, मोताळा’. रुखमाला फार हसू आलं. “आता माह्या नवऱ्याचं नाव काय सांगशील?” म्हणाली. मंडपाच्या खांबाला टेकून आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या हसत उभ्या होतो. पुढे आता थोड्याच बायका राहिल्या होत्या. तिचा हात माझ्या हातात होता.

तेवढ्यात वामनरावने घात केला. शेषरावचा कंपाउंडर. छातीवर स्वयंसेवकाची फीत लावून हिंडत होता. “अरे बापा, मातोश्री! तुमी इथं बायाच्या रांगेत काऊन उभ्या? सायेब पाह्यतीन तं माही चामडी सोलतीन!” मी म्हटलं, आम्ही सहज उभ्या आहोत. त्याने ऐकलंच नाही. हात धरूनच नेलं तिला. ती मागे वळून माझ्याकडे बघत होती, आणि मी काय बोलणार होते, सांग? ज्या एका कारणासाठी ती तिथे उभी होती, ते मला उच्चारता येत नव्हतं.

तिला व्यासपीठावर नेलं. हार घातला. आणि सुदृढ बालक स्पर्धेची बक्षिसं डॉक्टरसाहेबांच्या मातोश्रींच्या हस्ते, असं जाहीर झालं. कुमुद, एक एक गुबगुबीत पोर तिच्या हातात देत होते. फोटोग्राफर म्हणे, “आजी, जरा वर उचला, चेहरा दिसू द्या.” आणि ती उचलत होती. जी बाई घागर उचलत नाही, ती बाळसेदार पोरं छातीपर्यंत उचलत होती. नि हसत होती. तिचे ओठ पांढरे पडलेले मला खालून दिसत होते.

आणि त्याच वेळी दुसऱ्या भोंग्यावर नाव आलं. तानुबाई, मोताळा. पुन्हा आलं. पुन्हा आलं. तिसऱ्या वेळी रुखमाने वरून तुझ्या पडद्याकडे पाहिलं आणि हातातलं पोर त्याच्या आईकडे दिलं. पुढचं पोर आलं.

मी धावले तुझ्याकडे. दारातल्या फीतवाल्या मुलीने अडवलं. म्हटलं, ही डॉक्टरीण माझ्या हाताखाली शिकली. म्हणाली, “सकाळपासून सगळ्याच असं सांगतात आजीबाई.” आणि पडद्याआडून तुझा आवाज आला. तो मी ओळखते. तू कुणाला तरी म्हणालीस, “खेड्यातल्या बायका अशाच. नाव देतात आणि ऐन वेळी पळून जातात.”

पळून गेली नव्हती ती. दहा पावलांवर होती. डॉक्टरची आई म्हणून तिला पकडून ठेवली होती. तुला शिकवताना हजेरी मी घेत असे. एखादी मुलगी ‘हजर’ म्हणाली नाही तर मी डोकं वर करून बघत असे, की ती आजारी आहे, की रडते आहे, की दारात उभी आहे. तुला एवढं तरी माझ्याकडून उचलता आलं असतं.

शेवटी शेषरावचं भाषण झालं. चांगला बोलतो, मीच शिकवलाय. म्हणाला, “माझ्या आईकडे बघा. एवढं वय झालं, पण तिने आजवर डॉक्टरचं तोंड पाहिलं नाही. कष्ट आणि साधं अन्न, हेच तिचं औषध.” टाळ्या पडल्या. खोटं बोलत नव्हता बिचारा. डॉक्टरचं तोंड तिने खरंच पाहिलेलं नव्हतं. मी मंडपाच्या मागे येईपर्यंत तुझी जीप वळणावर धूळ उडवत होती.

परतीच्या मोटारीत रुखमा बसली नाही. दांडा धरून देऊळघाटपर्यंत उभी राहिली. मी रागाने फणफणत होते. तिला म्हटलं, तू ‘नाही’ का म्हणाली नाहीस? तर म्हणते, “माह्या पोराची केवढी इज्जत झाली आज! तुले कायचा राग येऊन राह्यला?” मग गावाची वेस दिसली तेव्हा म्हणाली, “तानुबाईचं नाव तीनदा घेतलं त्याइनं. मी मोजलं.” उतरताना तिला कंडक्टरने आणि मी धरून उतरवलं. तिने पातळ घट्ट आवळून धरलं होतं. घरात शिरल्यावर सुनेने विचारलं, माशी पाहिली का? ही म्हणाली, “हाव, लय मोठी होती.”

मी रात्रभर तळमळत होते, आणि सकाळी उठून शेषरावच्या दवाखान्यात गेले. आता त्या ट्रंककॉलचा खुलासा. शपथ मी मोडली नाही. मी त्याला सांगितलं, की अंग बाहेर येण्याचं दुखणं मला आहे. मला, अविवाहित अंबूबाईला, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकेला. तो खाली बघत म्हणाला, “पण बाई, तुम्ही तर...” मी म्हटलं, मी तर काय? तुझ्या पुस्तकात लग्न न झालेल्या बाईला आजार होत नाहीत का? त्याचे कान लाल झाले. पडद्यापलीकडे वामनराव बाटल्या विसळायचा थांबला होता, तेव्हा आतापर्यंत ही बातमी बाजारात पोचली असेल, आणि माझी मूलबाळं मी कुठे लपवून ठेवली आहेत तेही लोकांचं ठरलं असेल. ठरवू देत. मी म्हटलं, मला कुमुदशिवाय कुणाला दाखवायचं नाही, आणि एवढ्या लांब एकटीने जायचं नाही, तुझी आई माझ्या सोबतीला दे. त्याने माझ्या पाया पडून दिली. रुखमाने ऐकलं तेव्हा आधी कपाळावर हात मारला, “लोक तुले काय म्हणतीन बाई!” आणि मग पदर तोंडावर घेऊन रडली. आता घरात सगळ्यांना सांगते आहे, “बाईचं दुखणं हाय, मी नाही गेली तं कोण जाईन?” येत्या गुरुवारी आम्ही मलकापूरला गाडी धरतो. ऑपरेशन लागलं तर करून टाक, घरी मी ‘बाईची तब्येत सुधारेपर्यंत’ असं कळवत राहीन. कागदावर सगळीकडे माझंच नाव घाल. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी खोट्याची फार भीती घातली होती, त्यांचं मी वर गेल्यावर बघेन. तुझ्या पडद्यामागे दोघी जणी येतील. त्यातली एक सारखी बोलत असेल, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. दुसरीला टेबलावर घे. आणि हे बघ, नाव पुकारू नकोस, डोकं वर करून बघ. ती हजर असेल.

रागावलेली, तरी तुझीच,
अंबूबाई