मुकं मशीन

छोट्या,

तुझा नवा अल्बम लोकांनी डोक्यावर घेतलाय. आई गेल्यावर तिचं शिलाई मशीन मुकं झालं, हे गाणं तर सगळ्यांना पाठ आहे. काल तुझी एक चाहती ते मशीन बघायला दुकानात आली. आपली आई त्यावरच बसून कुणाची तरी पँट आखूड करत होती. मुलगी मशीनवर हात ठेवून हमसून हमसून रडली. आईनेच तिला पाणी दिलं.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं, पण आईने डोळे वटारले. "शेजारीण. मशीन गंजू नये म्हणून चालवते."

नंतर मला म्हणाली, "छोट्याला कळवलंस तर तुला माझी शपथ. गाणं बिघडेल त्याचं." म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

आज सकाळपासून दारात कुणी अनोळखी दिसलं, की ती मशीन थांबवते.

तुझी ताई