कडी आतून लावायची

मी, खाली सही करणारी, बालवर्गाची मोठी बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर वाकडं आहे, पण माझंच आहे. डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण नुसत्या माझ्या शब्दावर आमच्या घरात कोण विश्वास ठेवणार? कुणी धाक घातलेला नाही, कुणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. गोड बोलायला आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी काढून दाखवलं तर ते खोटं समजावं आणि दाखवणाऱ्याचं तोंड नीट बघून ठेवावं.

सोमवारी माझं पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. हे वाक्य मी रोज रडणाऱ्या पोरांना म्हणते, त्यामुळे त्याची किंमत मला माहीत आहे. म्हणून ही व्यवस्था.

१. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. नवऱ्याने जाण्याआधी करून दिलं. तो आपल्या भावाला ओळखून होता. वरच्या दोन खोल्या, बँकेत असेल ते आणि माझं कानातलं लेकीला. तिने जावयासमोर कपाट उघडू नये. जावई चांगला आहे. अजून तरी.

२. शिलाई मशीन जावेला, कारण ती तिने आधीच नेली आहे. ‘दोन दिवस वापरून देते हं, ताई.’ आता परत आणायची तसदी घेऊ नये.

३. दिराला काही नाही. वकील म्हणाले, ‘बाई, कारणं लिहायची गरज नसते.’ मी म्हटलं, ‘मग मेल्यावर येऊन सांगू का?’

कारण असं. वर्गात गलका चालू असला की मी खुशाल माती मळत बसते. एखादं पोर गप्प झालं की उठते. गप्प पोराच्या तोंडात काहीतरी असतं: मणी, खडूचा तुकडा, दुसऱ्याचं बटण. ‘आ कर’ म्हणायचं आणि बोट घालायचं. माझा दीर जन्माचा बडबड्या. मी आजारी पडल्यापासून गप्प आहे आणि फळं आणतो. परवा ‘वहिनी, कसं वाटतंय?’ विचारता विचारता खालच्या खोलीची भिंत टेपने मोजत होता.

मी म्हटलं, ‘भावजी, आजार माझ्या पोटात आहे, भिंतीत नाही.’

‘सहज हो, हाताला चाळा.’

मी हटून बसले, तेव्हा त्याने केलाच आ. फरशांचं गोदाम करायचं आहे त्याला तिथे.

४. खालची खोली, जिथे बालवर्ग भरतो. आत काय आहे ते लिहिते, म्हणजे नंतर पाय फुटायला नकोत. गुडघ्याएवढ्या खुर्च्या, ठोकळे, मण्यांचा डबा, ओल्या फडक्यात मातीचा गोळा, सुक्या चड्ड्यांची पिशवी. पिशवी रिकामी राहू देऊ नये. शिकवण्याचं निम्मं काम तीच करते. आणि दाराची आतली कडी. ती मी मुद्दाम उंच बसवली. पोरांचा हात पुरत नाही. माझाही पुरत नाही, मला स्टूल लागतं. स्टूल कुलपात ठेवते. पोरांचा काय भरवसा?

सुटायच्या वेळी कडी काढण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. सकाळी आईबापाने कुणाचं नाव सांगून ठेवलंय, आणि पोर त्या माणसाकडे आपणहून जातंय का. ‘मी तिचा काका’ एवढ्यावर भागत नाही. काका काय, कुणीही होतं.

धाकटी बाई दोन वर्षं माझ्याबरोबर शिकवते. तिच्यावरही माझा विश्वास नव्हता. पदवी आहे, आवाज मऊ आहे, आणि दिराशी दारात कुजबुजताना मी तिला या डोळ्यांनी पाहिलं आहे.

गेल्या महिन्यात मी दवाखान्यात होते. लवकर सोडलं, म्हणून परस्पर इथे, याच वर्गात असलेल्या नातीला न्यायला आले. लेकीला कळवलं नव्हतं. तोंडाला मास्क, डोक्याला फडकं, अंगावर मांस नाही. धाकटीने खिडकीतून पाहिलं.

‘मोठ्या बाई, आज तुमचं नाव सांगून ठेवलेलं नाही.’

‘अगं, खोली माझी, नात माझी. काढ कडी!’

‘तिला विचारते.’

नातीने माझ्याकडे पाहिलं आणि धाकटीच्या ओढणीत तोंड लपवलं.

‘ती नाही म्हणते.’

‘आणि तू? तू ओळखत नाहीस का मला?’

‘मी ओळखते हो. ती ओळखत नाहीये. तुम्हीच शिकवलंत. बसा पायरीवर, तिच्या आईला फोन केलाय.’

मी माझ्याच दाराच्या पायरीवर बसले. समोरचा औषधवाला हसत होता. धाकटीला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, साक्षीदारांनी ऐकलं आहे. कडी निघाली ती लेक आल्यावरच.

म्हणून ही खोली, सामानासकट आणि कडीसकट, धाकट्या बाईला. बालवर्ग चालवेल तोवर तिची, बंद केला तर लेकीची. दिराशी काय कुजबुजत होतीस, असं मी विचारलं. म्हणाली, ‘जागा बघायला आत येऊ का म्हणत होते. मी विचारलं, तुमचं मूल आहे का आत?’ खरं असेल. नसेलही. खोली तिलाच.

५. याची अंमलबजावणी लेकीने आणि वकिलांनी मिळून करावी. किल्ली एकाकडे, कागद दुसऱ्याकडे.

६. ‘मोठ्या बाईंनी मला तोंडी सांगितलं होतं’ असं म्हणत कुणी दारात आलं, तर मी कुणाला काही सांगितलेलं नाही. कडी काढू नये. ऑपरेशनहून मी परत आले, तर आणखी वाळलेली असेन. तरीही आधी नातीला विचारावं. ती नाही म्हणाली तर मी पायरीवर बसेन.

सही: मोठी बाई. शेजारी डाव्या अंगठ्याचा ठसा, सही कुणी गिरवली तर उपयोगी पडेल.

साक्षीदार: समोरचा औषधवाला, शेजारची शिंपीणबाई. दोघांनी माझ्यादेखत आणि एकमेकांदेखत सह्या केल्या. दोघांनाही यातलं काही मिळणार नाही, म्हणूनच बोलावलं.

तारीख: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार, पोरं घरी गेल्यावर.

ठिकाण: खालची खोली, कडी लावून.