बॅकचा नारळ

रवि. ४ नोव्हेंबर १९५६, पुलगाव
डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि म्हणाले, आता फुटबॉल नुसता बघायचा. सायं. गिरणीच्या साहेबांनी संघाचा कोच केलं. एकाच दिवशी मेलो आणि बढतीही मिळाली. माझ्या जागी डावा बॅक नामदेव. त्याच्या पायात ताकद माझ्यापेक्षा जास्त, हे लिहायला जड जातंय. पण फॉरवर्डच्या पायाकडे बघतो आणि फसतो. सांगितलं, कमरेकडे बघ. पाय खोटं बोलतात, कंबर नाही.

बुध. ७
सराव बरा. नामदेव कमरेकडे बघायला लागला. कॅप्टन विठ्ठल पुन्हा पुन्हा चालून गेला, दर वेळी बॉल नामदेवकडे. मी खूश. विठ्ठल अजिबात नाही.

रवि. ११
पहिली मॅच जिंकलो. पण.
शिट्टीआधी नामदेवपुढे नारळ धरला. इतकी वर्षं गोलच्या खांबावर तो मीच फोडला, सगळ्यांच्या अनवाणी पायांना बांधलेल्या पट्ट्यांवर त्याचं पाणी मीच शिंपडलं. आमच्या संघात डाव्या बॅकचंच काम ते. नामदेव हात मागे घेऊन उभा. "दादा, मागच्या महिन्यात नागपूरले दीक्षा घेतली मी. आता हे नाई."
घाईत मीच फोडला. गोललाइनीवरून बॉल काढला नामदेवने, तरी कुणी त्याची पाठ थोपटली नाही. मीही नाही. राहून गेलं. की…

मंगळ. १३
विठ्ठल घरी आला. चहा घेतला नाही. "दादा, तुमी फोडून उपयोग नाई. तुमी आता खेळत नाई ना."
बरोबर आहे त्याचं, म्हणूनच लागलं. माझा गुडघा गेला त्या दिवशी नारळ नासका निघाला होता. साऱ्या संघाला ते पाठ आहे. मलाही. मी काही मोठा सुधारक नाही.

गुरु. १५
नामदेवला गिरणीच्या कताईखात्याबाहेर गाठलं. म्हटलं, एक नारळच तर आहे, देव मानू नको, दगड समजून फोड.
"दादा, म्हनान तं दिवसभर पळतो. हे नाई." मग, "इतके दिवस खोबरं मले वरून टाकत होते सारे. तवा कोनं म्हटलं नाई, घे नामदेव, तू फोड. आज काऊन?"
मला राग आला. त्याचा नव्हे बहुतेक. सायकल हातात धरूनच घरी आलो.

रवि. १८
सेमीफायनलही काढली. मीच फोडला. पाणी शिंपडताना विठ्ठलने पाय मागे घेतला, त्याचं बघून आणखी तिघांनी.

सोम. १९
ते चौघं आले. फायनलला बॅकनेच नारळ फोडायचा. नामदेव फोडत नसेल तर बॅक बदला. नाहीतर आत पाऊल टाकणार नाहीत. साहेबांच्या कानावर घातलं. "तुमचं तुम्ही पाहा. कप आला पाहिजे." झालं!

गुरु. २२
जेवताना सुचलं. फायनलला बॅक मीच. नारळ फोडीन, खेळीन, कुणाचं काही म्हणणं उरणार नाही. नामदेव काय, पुढल्या साली खेळेल. खरं लिहायचं तर इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. बायकोला सांगितलं. सरू भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली, "संघासाठी म्हनता का सोतासाठी?" बायकांना खेळातलं काय कळतं, असं म्हणता येईना.

शनि. २४
पहाटे मैदानावर एकटाच गेलो. पट्ट्या बांधल्या. सरळ पळालो, ठीक. डावीकडे वळलो आणि खाली बसलो.
पडल्यापडल्या गोलच्या खांबाकडे बघत होतो. फोडून फोडून चुना उडालाय तिथला. लंगडत घरी आलो. सरूने तेल गरम करून आणलं.

रवि. २५
सकाळी नारळ घरीच फोडला. चांगला निघाला. सरू म्हणाली, "मंग चटनी वाटू?" वाट म्हटलं.

दु., मैदानावर, पेन्सिलीने.
नावं रेफरीकडे दिली. डावा बॅक नामदेव. विठ्ठलने माझ्या पिशवीकडे पाहिलं. "नारळ?"
"चटणी झाली."
तो तसाच मागे फिरला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
नागपूरचा संघ कधीचा आत उतरलाय. पलीकडच्या कडेला नामदेवच्या वस्तीतली माणसं उभी आहेत, बायकासुद्धा. नामदेव एकटाच आत गेला आणि माझ्या… आपल्या जागेवर उभा राहिला. पाठ माझ्याकडे. रेफरी घड्याळ बघतोय.
बाकीचे इथे माझ्यासमोर बसून पायाला पट्ट्या बांधताहेत. विठ्ठलने बांधलेली पट्टी सोडली, पुन्हा पहिल्यापासून बांधतोय. फार हळू बांधतोय.