डेअरीवरचा पेंग्विन

सोमवार, ३ नोव्हेंबर

विंडोज १० चा सपोर्ट संपून तीन आठवडे होत आले. कोल्हारात कुणाला त्याचं काही आहे का? नाही. ऊस, बिबट्या आणि दुधाचा भाव, यापलीकडे या गावाचं डोकं चालत नाही. म्हणून ही रोजनिशी. बदल घडवणारा माणूस एकटाच असतो, त्याने निदान स्वतःशी तरी बोलावं.

ठरलं. बायकोच्या दूध संकलन केंद्रावरचा कॉम्प्युटर लिनक्सवर न्यायचा. फुकट, मोकळी, जगभरातल्या हुशार लोकांनी मिळून केलेली सिस्टिम. राहुरीच्या क्लासमध्ये मी एमएस ऑफिस शिकवतो ते पोटासाठी. मनाने मी कधीच गुलाम नव्हतो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

अश्विनीला सांगितलं. ती म्हणाली, चालतंय ना, मग कशाला? झालं! गावाचा सगळा इतिहास या एका वाक्यात.

शिवाय केंद्र तिचं आहे, हे तिने पुन्हा पुन्हा ऐकवलं. दूध संघाचा सुपरवायझर सांगून गेलाय की एका गल्लीत दोन केंद्रं परवडत नाहीत. या महिन्यात ज्याचं दूध कमी भरेल ते बंद. म्हणून हा महिना जपून काढायचा, असं तिचं म्हणणं. मी म्हणालो, उलट हाच महिना! टेक्नॉलॉजीने पुंजारामला चितपट करू.

पुंजाराम म्हणजे समोरच्या केंद्राचा मालक. मराठी पाचवीपर्यंत, पुढे म्हशी. त्याच्याकडे संघाकडून आलेलं, दुधाचा हिशेब करणारं एक डबडं आहे. वर दोन बटणं, धूळ बोटभर. आत कुठलं तरी चोरीचं विंडोज असणार. त्याला विचारण्यात अर्थ नाही, त्याला 'आत' काही असतं हेच माहीत नसेल.

तात्यांनाही (आमचे वडील, कारभारी) विषय कानावर घातला. म्हणाले, "आरं, चालत्या गाडीचं चाक कशापायी काढतो?" मी वाद घातला नाही. बैलगाडीच्या काळातली माणसं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

इन्स्टॉलेशनसाठी पेनड्राईव्ह हवा होता. अश्विनीच्या ड्रॉवरमध्ये निळा सापडला. त्यावर 'बॅकअप' नावाचं काहीतरी पडलं होतं. उडवलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळचं दूध झालं आणि संध्याकाळच्या आत लिनक्स बसवलं. काय तो स्क्रीन! काय ती शांतता! वायफाय लागत नाही, पण तो वायफायचा दोष आहे. प्रिंटर हलत नाही, पण तो जुनाच आहे. सीपीयूवर पेंग्विनचं, म्हणजे लिनक्सच्या बोधचिन्हाचं, स्टिकर लावलं. तात्यांनी विचारलं, हे बदक कशाचं? समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि गोठ्यात निघून गेले.

अश्विनीने विचारलं, निळा पेनड्राईव्ह कुठंय? सुरक्षित आहे म्हणालो. आहेच. माझ्या खिशात.

सोमवार, १० नोव्हेंबर

संघाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही. त्यांची कीव येते.

दुधाचा भाव ज्यावर ठरतो ती फॅट काढायचं मशीनही कॉम्प्युटरशी बोलेना. परमिशन नाही म्हणतो. माझ्याच घरात मला परमिशन नाही! पण हीच तर सिक्युरिटी. अश्विनीने सकाळ-संध्याकाळ हाताने पावत्या लिहिल्या. लोकांची कुरकुर. हाताने लिहिलेली फॅट म्हणे खरी नसते. इतकी वर्षं मशीनवर तरी कुठे विश्वास होता? मशीनच्या नावाने शिव्याच घालत होते की.

सभासदांची नावंही गेलीत. अश्विनीने पाठ असलेली पुन्हा टाईप केली. बरं झालं, डेटा स्वच्छ झाला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

जिंकलो! स्वतः प्रोग्राम लिहिला. फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) मशीनमधून थेट कॉम्प्युटरमध्ये. प्रिंटरही सुतासारखा सरळ. पावत्या धडाधड.

संध्याकाळी वातावरण सणाचं. वरच्या आळीच्या रंगुबाईच्या जर्सी गायीला साडेआठ फॅट! म्हशीला जमत नाही ते गायीने केलं. बाकीच्यांचीही आठच्या पुढे. रंगुबाई पावती पदराला बांधून गावभर दाखवत फिरली. म्हणाली, पहिल्यापासनं ह्ये बदकाचं मशीन का नाही आणलं? पुंजारामकडचे दोघं तिघं उद्यापासून आमच्याकडे दूध घालतो म्हणाले.

अश्विनी एकेक पावती पुन्हा पुन्हा बघत होती. यश पचवायला वेळ लागतो माणसाला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रोग्राममध्ये फॅटच्या जागी एसएनएफ आणि एसएनएफच्या जागी फॅट छापली जात होती. किरकोळ बाब. दोन मिनिटांत उलट केलं.

पण रंगुबाईला हे कोण सांगणार? कालची साडेआठ, आज साडेतीन. कपाळावर हात मारून भर लाईनीत म्हणाली, "पाच फॅट कुठं गेली माझी? सर, एका रातीत खाल्ली व्हय?" मी एसएनएफ म्हणजे काय ते शांतपणे समजावायला घेतलं. तिने कॅन उचलला आणि रस्ता ओलांडला. तिच्या मागे तिची जाऊ. जावेच्या मागे अख्खी वरची आळी. विज्ञानाला नेहमीच असा विरोध झालाय.

रविवार, १६ नोव्हेंबर

दूध निम्म्यावर. पण मशीन आता अचूक चालतंय, तीन दिवस एक चूक नाही. अश्विनी दारोदार जाऊन बायकांना समजावतेय. काही परत येतायत. तिने मला हात जोडले. म्हणाली, "आता चालतंय. महिना संपेपर्यंत हात लावू नका, एवढंच करा."

दिला शब्द. माणसाने बायकोचंही कधी ऐकावं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

स्क्रीनवर सूचना आली. नवी आवृत्ती उपलब्ध. अपग्रेड करायचं का?

शब्द कॉम्प्युटरला हात लावण्याबद्दल होता. अपग्रेडला हात कुठे लागतो? एक बटण. ते तर बोटाने दाबतात.

गुरुवार, २० नोव्हेंबर. दुपारी

अश्विनी वरच्या आळीला गेलीय. सुरू केलं.

तात्या दारात येऊन म्हणाले, आज नको करू. कळलंच मला, आज अमावस्या! माझं डोकंच सणकलं. जग कुठे चाललंय आणि आम्ही अजून तिथी बघतो. त्यांना अंधश्रद्धेवर चांगलं सुनावलं. चंद्राचा आणि प्रोसेसरचा संबंध काय, तेही विचारलं. तात्या काहीतरी बोलायला बघत होते, मी बोलू दिलं नाही. शेवटी तंबाखू मळत निघून गेले.

यूपीएस मध्येच टीं टीं करतो, अपग्रेड शिकवणारा व्हिडिओ नीट ऐकू येत नाही. काढून ठेवला. लिनक्स हँग होत नाही, त्याला असल्या कुबड्या लागत नाहीत. निम्मं झालंय. बघत राहावंसं वाटतं.

तोच दिवस. संध्याकाळी

लाईट गेली.

तात्या परत आले. म्हणाले, "अमावस्येचं नव्हतो म्हनत मी. आज गुरुवार हाय. दुरुस्तीला लाईट जाती, शेरडांनाबी ठावं हाय."

लाईट आली. कॉम्प्युटर सुरू केला. काळा स्क्रीन, वर पांढरी एक ओळ. 'रेस्क्यू' असं काहीतरी. म्हणजे सुटकेची व्यवस्था आधीच करून ठेवलीय. बघा, किती विचार केलाय त्या लोकांनी!

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सुटका झाली नाही. प्रोग्रामही त्यातच होता. त्याची कॉपी निळ्या पेनड्राईव्हवर घ्यायचं ठरवलं होतं. अजूनही ठरलेलंच आहे.

 अश्विनी ओरडली असती तर मी बाजू मांडली असती. हाताने पावत्या लिहीत बसली, लिहायला चारच माणसं.

संध्याकाळी खिडकीतून पाहिलं. तात्या कॅन घेऊन रस्ता ओलांडत होते. आपल्याच गायीचं दूध, पुंजारामच्या दारात! आल्यावर जाब विचारला. म्हणाले, गायीला काय ठावं कोन क्रांती करतंय, तिचं दूध नासतं.

रविवार, ३० नोव्हेंबर

सुपरवायझर आला. फॅट मशीन, वजनकाटा टेम्पोत घातला. कॉम्प्युटर आमचा होता, तो राहिला. अश्विनी टेम्पो वळेपर्यंत दारात उभी होती. तिने हे केंद्र लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी सुरू केलं होतं, सासरच्या सगळ्यांशी भांडून. फक्त मीच तेव्हा तिच्या बाजूने होतो. याची तिने आज मला आठवण करून दिली. मग आत जाऊन भाकरी टाकल्या.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. संघाने एवढी घाई करायला नको होती.

बुधवार, ३ डिसेंबर

पुंजारामकडे आता दूध झेपत नाही. त्याने संध्याकाळच्या पाळीला माणूस ठेवला. अश्विनीला. गावाला काही चाड?

तात्यांचा गुडघा दुखतोय म्हणून कॅन मलाच न्यावा लागला. लाईनीत उभा राहिलो. पुढे रंगुबाई. तिने वळून बघितलं आणि आपला कॅन पुढे सरकवला.

माझा नंबर आला आणि लाईट गेली आणि आली. डबडं पुन्हा सुरू झालं. छोटा काळा स्क्रीन, ओळी सरकू लागल्या. आणि कोपऱ्यात, वर, डावीकडे... पेंग्विन.

कॅन हातातच राहिला. पुंजारामला विचारलं, हे काय आहे? तो म्हणाला, "ते बदक व्हय? लाईट आली का येतं. मंग मशीन चालू हुतं." कधीपासून? म्हणाला, संघानं दिलं तवापासनं. काय हाय ते मला न्हाई ठावं. चालतंय.

पुढे वाकून नीट बघितलं. आवृत्ती फार जुनी होती. इतकी जुनी धोक्याची असते. एखादा पेनड्राईव्ह असता तर मी आत्ताच...

काउंटरमागून अश्विनी म्हणाली, "कॅन ठेवा आणि लांब उभे राहा."

लांब उभा राहिलो. तिने दूध मोजलं, मशीन लावलं, पावती फाडून दिली. फॅट तीन पॉइंट चार. बरोबरच असेल.